पात्याचे दात

शिरूरच्या एसटी डेपोतले हेल्पर ज्ञानदेव रणपिसे यांची थोरली मुलगी गौतमी १९९६ च्या जूनमध्ये शाळेत शिक्षिका म्हणून लागली. लागली असं आपलं म्हणायचं. कवठे येमाईच्या अलीकडे एका वाडीवर पोपटराव नावाच्या पुढाऱ्यानं हायस्कूल काढलं होतं. त्याला अजून सरकारी अनुदान नव्हतं, म्हणून शिक्षकांना पगारही नव्हता. दिवाळीला एक पाकीट मिळायचं, बाकी सगळा कारभार आशेवर.

"अनुदान आलं की तुझी आर्डर पयली," संस्थेचे अध्यक्ष म्हणून पोपटराव तिला म्हणाले होते. "चित्रकलेला तुझ्याबिगर दुसरं हाय कोन हितं?"

गौतमीनं चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला होता. वय तेवीस. रणपिशांच्या भावकीत फळ्यासमोर उभी राहिलेली ती पहिलीच. सकाळी सातच्या एसटीनं निघायची, फाट्यावर उतरून दोन मैल चालायची. चित्रकलेबरोबर कार्यानुभवाचे तासही तिच्याच गळ्यात होते. शाळेच्या कपाटात तिला एक हातकरवत सापडली. लोखंडी कमानीत ताणून बसवलेलं दोऱ्याएवढं बारीक पातं, आणि ते फिरवून प्लायमधून हवा तो आकार काढायचा. तिनं महाराष्ट्राचा नकाशा जिल्ह्या-जिल्ह्यानं कापला. एकेक जिल्हा सुटा, रंगवलेला. आठवीची पोरं जमिनीवर पालथी पडून तो जुळवायची आणि चंद्रपूर कुणी लपवला म्हणून भांडायची.

पोपटरावांनी तो नकाशा पाहिला आणि ओळखलं की ही पोरगी कामाची आहे. मग पाहुण्यांना द्यायच्या ढाली, साखर कारखान्याच्या संचालकांना नावाच्या पाट्या, आमदारांच्या सत्काराचं मानचिन्ह, सगळं गौतमीकडे येऊ लागलं. हातकरवतीनं एका पाटीला दोन दिवस जायचे. बोटांना घट्टे पडले, खांदा रात्रंदिवस ठणकायचा.

"मशीन घे की मग," पोपटराव म्हणाले. "खोली आन् लाईट शाळंची. मशीन तुझं. तुझ्याच कामाला यील जल्मभर."

ज्ञानदेवांनी, गौतमीच्या आबांनी, फंडातून उचल घेतली. शिरूरमध्ये तात्याबा नावाचे म्हातारे सुतार होते, डेपोत गाड्यांच्या फळ्या बसवायला यायचे. मशीन आणायला पुण्याला निघण्याआधी गौतमी त्यांना विचारायला गेली. तात्याबांनी रंधा खाली ठेवला नाही, रंधता रंधताच बोलले.

"रंगाला भुलू नगं. पाच रुपयाचं जाड नाणं संगट ने. मशीनच्या टेबलावर उभं कर आन् बटन दाब. नाणं पडलं तर दुकानातनं उठून ये. थरथरतं मशीन सरळ रेघ कापीत न्हाई. दुसरं, पातं साधं घेणारं बघ. टोकाला खिळी असलेलं पातं नगं. त्याला भोक मोठं पाडावं लागतं."

पुण्यात रविवार पेठेतल्या दुकानात मालकानं निळंशार चकचकीत मशीन पुढं केलं. नाव स्क्रोल सॉ, म्हणजे तिच्या हातकरवतीचंच विजेवर चालणारं रूप. बाहेरच्या देशातनं आलेलं, हलकं, एका हातानं उचलावं असं. गौतमीनं टेबलावर नाणं उभं केलं. बटण दाबताच ते गरगरत खाली गेलं. मालक हसला. मग तिनं कोपऱ्यातल्या जुन्या करड्या मशीनकडे बोट केलं. ते कुणा खेळणी करणाऱ्याकडून परत आलेलं होतं. बिडाचं टेबल, दोन माणसांनी उचलावं एवढं वजन. नाणं डुललं, पण उभं राहिलं. पातंही साधं होतं. गौतमीनं मनातल्या मनात 'ठ' काढून पाहिला. ठ च्या पोटातलं भोक कापायचं तर आधी सुईएवढं छिद्र पाडायचं, त्यातून पातं ओवायचं आणि मग आतून फिरवायचं. खिळीचं पातं त्यातून गेलंच नसतं. तिनं जुनंच घेतलं. ज्ञानदेवांनी ते एसटीच्या टपावर चढवलं, आणि मागाहून चार पायांखाली घालायला जुन्या टायरचे तुकडे कापून दिले.

पहिल्या आठवड्यात तिनं पाकीटभर पाती मोडली. तात्याबा एकदा मुद्दाम शाळेत येऊन बसले. लाकूड ढकलायचं नाही, पात्याला खाऊ द्यायचं. वळणावर हात संथ करायचा. पातं ताणून नखानं छेडलं की तारेसारखं वाजलं पाहिजे. लाकूड उडू नये म्हणून वरची दाबपट्टी टेकवून ठेवायची. आणि पात्याचे दात कायम खाली, म्हणजे पातं लाकडाला टेबलावर दाबत जातं. वर केले तर तेच लाकूड उचलून आपटतं.

"आन् एक ध्यानात ठिव," तात्याबा म्हणाले. "पातं तुटलं की वरचा तुकडा तसाच वरखाली ठोकत ऱ्हातो. सुईवानी. लोकं वाकून बघाय जात्यात आन् हात घालत्यात. आधी हात मागं, मंग बटन."

महिन्याभरात तिला ते मशीन वश झालं. वर्षभरात तिच्या पाट्या ओळखू येऊ लागल्या. अक्षरांच्या कडांवर पॉलिश पेपर फिरवायचीही गरज पडत नसे. पोपटराव पाहुण्यांना म्हणायचे, "आमच्या शाळंचं काम हाय." आमच्या बाईचं, असं कधी म्हणाले नाहीत. गौतमीला त्याचं काही वाटत नव्हतं. तिचा डोळा ऑर्डरवर होता. घरात लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, आधी ऑर्डर येऊ दे. ताईबाईंनी, तिच्या आईनं, दोन स्थळं तशीच परत पाठवली.

२००१ च्या उन्हाळ्यात अनुदान आलं. शाळेत पेढे वाटले. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार, म्हणून सगळ्या शिक्षकांच्या टेबलावर लाकडी पाट्या ठेवायचं ठरलं. शिपाई संपत यादीचा कागद घेऊन मशीनच्या खोलीत आला, टेबलावर ठेवला आणि लगेच निघाला.

"थांबा की संपतमामा, चहा घेऊ."

"न्हाई, घंटा हाय," संपत म्हणाला. घंटेला अजून वीस मिनिटं होती.

यादीत अकरा नावं होती. गौतमीनं क्रमानं कापायला घेतली. पुढची नावं वाचायची तिची रीत नव्हती, एक पाटी झाल्यावर दुसरीकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती अकराव्या नावावर आली. 'सौ. शितल ईश्वर टेमगिरे, कलाशिक्षिका.'

तिनं यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग खालून वर. तिचं नाव त्यात नव्हतं.

ईश्वर म्हणजे पोपटरावांचा भाचा, भांडगावचा. त्याचं लग्न मागच्याच वर्षी झालं होतं आणि गौतमीनंच लग्नातल्या स्वागताची पाटी कापली होती. नवरीनं डिप्लोमा केलाय हे तेव्हा कानावर आलं होतं.

गौतमीनं मशीन बंद केलं नाही. तिनं अक्षरं आखली, छिद्रं पाडली, पातं ओवलं आणि पाटी पुरी केली. शितलचा 'शि', त्याची वेलांटी, टेमगिरेतल्या मात्रेचा बाक. कुठंही हात हलला नाही. कडा पुसल्या, पॉलिशचा हात दिला आणि अकराही पाट्या घेऊन ती पोपटरावांच्या खोलीत गेली.

"अप्पा, ही शेवटची बघा. बरोबर आहे ना नाव?"

पोपटरावांनी पाटी उचलली, उजेडात धरली. "बेस झाली."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"पाच वर्षं मी शिकवतेय, अप्पा. तुम्ही शब्द दिला होता."

"शबूद दिला व्हता, न्हाई म्हनत न्हाई. पर घरातलीच सून शिकल्याली हाय. तिला बाहीर ठिवून दुसऱ्याला घेतलं तर भन माझ्या दारात पाय ठिवील का? तुमच्यात सवलती हाईत की. तुला कुटंबी नोकरी लागंल."

"तपासणीत पाच वर्षांचा हजेरीपट बघतात. त्यात माझ्या सह्या आहेत."

पोपटराव शांतपणे उठले, कपाटातून हजेरीपट काढून तिच्यापुढं टाकला. कोरा करकरीत. १९९६ च्या जूनपासून प्रत्येक दिवसापुढं एकाच शाईनं सही होती, शितलची. लग्नाआधीच्या चार वर्षांतही ती टेमगिरे होती. गौतमी सह्या करायची ते रजिस्टर कुठं गेलं हे तिनं विचारलं नाही.

"मी माझं मशीन नेते," ती म्हणाली.

"मशीन?" पोपटरावांना खरंच नवल वाटल्यासारखं झालं. "ते तर शाळंच्या डेडस्टाकच्या वहीत चढलंय. कार्यशाळा दाखवायला लागती ना साहेबाला. शाळंची मालमत्ता कशी निशील, बाय? पोलिसात जायचं का आमी?"

गौतमी दोन मैल चालत फाट्यावर आली. घरी तिनं एका वाक्यात सांगितलं. ज्ञानदेव दुसऱ्या दिवशी डेपोचा खाकी शर्ट घालून पोपटरावांकडे गेले. त्यांना दोन तास ओसरीवर बसवून ठेवलं, मग पोपटराव पुण्याला गेलेत असा निरोप आला. त्यांची जीप अंगणातच होती.

सप्टेंबरात एका रविवारी शितल टेमगिरे शिरूरला गौतमीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात केळ्यांची पिशवी. चोवीस वर्षांची, गोरटेली, घाबरलेली. ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली.

"मॅडम, रागावू नका. मला कुणी विचारलं नव्हतं. मामांनी कागद पुढं केले, सासूबाई म्हणाल्या सही कर. एका दिवसात सगळ्या सह्या करायला लावल्या, हात सुजला होता माझा."

गौतमीनं चहाचं आधण ठेवलं.

"आता मामा म्हणतात, आमदारसाहेबांच्या सत्काराला चाळीस ढाली पाहिजेत. मशीन हाय, चालव. मी मशीनला हातबी लावला नाही कधी. मॅडम, एकदा दाखवा ना. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

हजेरीपटावरची ती एकसारखी शाई गौतमीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तो हात या पोरीचा होता. आणि तोच हात आता तिच्या मशीनवर बसणार होता, नाण्यानं पारखून घेतलेल्या, आबांनी टायरचे तुकडे लावून दिलेल्या मशीनवर.

"चहा घे," गौतमी म्हणाली. "सांगते."

तिनं वही घेतली आणि सगळं समजावलं. लाकूड ढकलू नको. वळणावर संथ जा. ताण असा बघायचा. शितल मान हलवत लिहून घेत होती. मग गौतमीनं सुबक चित्र काढलं: वरची कमान, खालची कमान, मधे पातं. पात्याचे दात तिनं वरच्या बाजूला काढले. एकेक दात नीट, टोकदार.

"दात वर हां," ती म्हणाली. "आणि ती दाबपट्टी सोडून ठेव. तिच्यामुळं रेघ दिसत नाही."

पातं तुटल्यावर काय करायचं, हे तिच्या ओठांवर आलं होतं का? आलं होतं. तिनं ते चहाबरोबर गिळलं. तिच्या मनात एवढंच होतं, पाती मोडतील, फळ्या फुटतील, पोपटराव चार लोकांत या पोरीला शिव्या देतील. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

शितल जाताना तिच्या पाया पडली.

चौथ्या दिवशी संपत बाजाराला शिरूरला आला तेव्हा डेपोत जाऊन ज्ञानदेवांना भेटला. त्यांनी घरी येऊन सांगितलं. मशीन सुरू केल्या केल्या फळी थडथडा उडायला लागली. शितलनं दोन्ही हातांनी ती दाबून धरली. पातं तुटलं. आवाज कसला झाला म्हणून ती वाकली आणि तुटलेला तुकडा काढायला तिनं बोट घातलं. वर अडकलेला अर्धा तुकडा तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीत नखाच्या मुळाशी घुसला आणि बटण सापडेपर्यंत ठोकत राहिला. बटण तिला डाव्या हातानं शोधावं लागलं.

"लई वरडली म्हनं," ज्ञानदेव म्हणाले. त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुझ्याकडंच आली व्हती ना शिकाया?"

"हो."

जेवताना त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

बोट चिघळलं. आधी गावच्या डॉक्टरकडे, मग दौंडला दवाखान्यात, तिथं चिरा मारून पू काढला. बोट वाचलं, पण काठीसारखं ताठ झालं. दिवाळीनंतर गौतमी भांडगावला गेली. शिरूरहून चौफुल्याला, तिथून वडापच्या जीपनं. कबूल करायचं असं ठरवूनच ती निघाली होती. रस्ताभर वाक्य जुळवत होती.

शितलची सासू, म्हणजे पोपटरावांची बहीण धुरपदाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. उघड्या दारातून आतलं देवघर दिसत होतं. त्याची जाळी गौतमीनंच कापली होती, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा धुरपदाबाईंनी ती तिला उंबऱ्यावरच ठेवायला लावली होती आणि ईश्वरनं ती गोमूत्र शिंपडून आत नेली होती.

"हितंच बस," धुरपदाबाई आताही म्हणाली. "येतीय ती. एक काम धड जमत न्हाई भवानीला. सरकारी पगार चालू हाय म्हनून ठिवलीय. न्हाईतर ताट्या बोटाची सून कशाला पायजे?"

हे शितलला ऐकू जावं अशाच आवाजात होतं. शितल बाहेर आली. उजवा हात पदराखाली. तिनं गौतमीला पाहिलं आणि हसली.

"मॅडम, कशाला एवढ्या लांब आलात? माझंच चुकलं. तुम्ही तर कागदावर काढून दिलं होतं. मीच कायतरी उलटं केलं असणार."

गौतमीनं जुळवलेलं वाक्य तोंडात होतं. सासू शेंगा फोडत ऐकत होती. आत्ता बोलले तर ही बाई काय करेल, पोपटराव काय करतील, आबांच्या नोकरीचं काय होईल, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिनं पिशवीतली बिस्किटं ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "काळजी घे."

जानेवारीत पोपटरावांचा निरोप आला. शितलमॅडमला मशीन जमत नाही, तर गौतमीनं मदतनीस म्हणून यावं, रोजावर. चित्रकलेचे तासही तिनंच घ्यायचे, सही शितल करील. ताईबाई म्हणाल्या, "थुंक त्याच्या तोंडावर." गौतमी गेली. का गेली ते तिला कुणाला सांगता आलं नसतं. त्या पोरीचं ताठ बोट रोज समोर बघणं हीच आपली शिक्षा आहे, असं तिला वाटत असावं.

खोली तीच, मशीन तेच. खिडकीशी टेबल, त्यावर गौतमीनं कापलेली पाटी, मागे शितल बसलेली. ती डाव्या हातानं लिहायला शिकत होती. वागायला फार चांगली. मॅडमची ताई झाली. डब्यातली भाजी अर्धी देई, गौतमीचं डोकं दुखलं तर बाम लावून देई. "ताई, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं," असं आठवड्यातून एकदा तरी म्हणे. ते वाक्य आलं की गौतमी मशीन सुरू करायची.

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका दुपारी वीज गेली होती आणि मशीन बंद होतं. गौतमीला ते असह्य झालं.

"शितल, मला तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी..."

"दात वर काढले होते," शितल म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. ती डाव्या हातानं मार्कांच्या याद्या उतरवत होती.

"नव्या पात्यांचं पाकीट आलं, त्यावर चित्र असतं. दवाखान्यातनं आल्यावर महिन्याभरात बघितलं मी. आणि पट्टीसुद्धा बसवलेली होती त्यात."

"म्हणजे भांडगावला मी आले तेव्हा..."

"तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं. मग मीच मामांना म्हणाले, ताईंना रोजावर बोलवा."

बाहेर पोरं खो-खो खेळत होती. गौतमीनं विचारलं, "का?"

"घरी सासूबाई रोज माझ्या बोटावरनं बोलतात. नवरा हात बघून तोंड फिरवतो. मी कुणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, निदान एक माणूस असावं, ज्याला बघून मला बरं वाटेल." शितलनं पान उलटलं. "तुम्ही रोज मशीन सुरू करताना माझ्या हाताकडं बघता. ते बघितलं की माझा दिवस चांगला जातो, ताई."

वीज आली. अर्धवट कापलेल्या 'स्मृतिचिन्ह' या शब्दावर पातं उभं होतं. गौतमीनं बटण दाबलं आणि राहिलेला 'ह' पुरा केला.

दुसऱ्या दिवशीही ती सातच्या एसटीनं गेली. डब्यातली भाजीही वाटून खाल्ली. त्याबद्दल दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मग पुण्याहून तयार प्लास्टिकच्या ढाली स्वस्तात येऊ लागल्या, पाठोपाठ फ्लेक्सचे बोर्ड आले, आणि २००६ मध्ये पोपटरावांना लाकडी पाट्यांची गरज उरली नाही. गौतमीला कुणी येऊ नको म्हटलं नाही. एक दिवस खोलीला कुलूप होतं, आणि संपतनं सांगितलं की मशीन निर्लेखित करून, म्हणजे वहीतून काढून, भंगारात दिलंय. कागदावर विभागप्रमुखाची सही लागते. ती शितलनं केली होती, डाव्या हातानं, वळणदार.

गौतमी तेहतीस वर्षांची होती. शिरूरच्या एसटी स्टँडसमोर एका फ्लेक्सच्या दुकानात तिला काम मिळालं. कॉम्प्युटरवर वाढदिवसांचे फोटो लावायचे, नावं टाकायची. तिचा हात तिथंही लवकर बसला.